ऊर्जेची प्रतवारी



कापूस बाजारात नेला की त्याचे दोन हिशेब होतात. एक वजनाचा आणि दुसरा प्रतीचा. काटा सांगतो किती क्विंटल भरला. पण भाव ठरतो तो धाग्याची लांबी, स्वच्छता आणि ओल पाहून. गुळाचेही तेच. दोन ढेपा काट्यावर सारख्या भरल्या, तरी रंग आणि कणी पाहून व्यापारी एकीला वरचा भाव देतो आणि दुसरीला खालचा. ही प्रतवारी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की कुणी नुसत्या वजनावर माल विकायला निघाला तर आपण त्याला खुळ्यात काढू.

आज मला सांगायचे आहे ते इतकेच, की ऊर्जेलाही प्रत असते. तिचाही एक हिशेब वजनाचा असतो आणि दुसरा प्रतीचा. पहिला हिशेब शाळेत शिकवला जातो. दुसरा बहुधा शिकवायचा राहून जातो. आणि आपले सरपण, आपली वीज, आपला पैसा हकनाक खर्ची पडतो तो पुष्कळदा या दुसऱ्या हिशेबात.

शाळेत आपण काय शिकतो? ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्टही करता येत नाही. ती फक्त रूप बदलते. अगदी खरे आहे. पण त्याच शाळेच्या भिंतीवर ‘ऊर्जा वाचवा’ अशी पाटीही रंगवलेली असते. मग एखादा चौकस मुलगा उठतो आणि विचारतो, “गुरुजी, जी नष्टच होत नाही, ती वाचवायची कशी?” शिक्षक बंधुभगिनींनो, या मुलाला खाली बसवू नका. त्याने जो प्रश्न विचारला, त्याच्याच उत्तराला उष्मागतिकीचा दुसरा नियम म्हणतात. युरोपातल्या मोठमोठ्या पंडितांना त्यासाठी पाव शतकाहून अधिक काळ खर्ची घालावा लागला.

आधी पहिला हिशेब पाहू. इंग्लंडात मँचेस्टरजवळ जेम्स जूल नावाचा एक गृहस्थ होता. घरचा धंदा बिअर गाळण्याचा. त्याने १८४० नंतरच्या दशकात एक साधा प्रयोग पुन्हा पुन्हा केला. पाण्याच्या भांड्यात एक वल्ह्यांची रवी बसवायची, तिला दोरी गुंडाळायची आणि दोरीच्या टोकाला वजन बांधून ते खाली सोडायचे. वजन खाली येते, रवी फिरते, पाणी घुसळते आणि घुसळून किंचित तापते. आजच्या मापाने सांगायचे तर ४२७ किलोचे वजन एक मीटर खाली यावे, तेव्हा एक लिटर पाणी एक अंशाने तापते. कामाची उष्णता होते, आणि तिचा भाव ठरलेला आहे, हे जूलने दाखवले.

आता हाच प्रयोग उलटा करून बघा. तापलेले पाणी भांड्यात आहे, दोरी आहे, खाली वजन लोंबते आहे. पाणी आपोआप थंड झाले, रवी उलटी फिरली आणि वजन वर चढले, असे कुणी पाहिले आहे का? वजनाचा हिशेब त्याला आड येत नाही. जेवढी ऊर्जा पाण्यात गेली, तेवढीच परत यायची आहे. तरीही असे कधी घडत नाही. वजनातली ऊर्जा पाण्यात सुखाने उतरली, पण वर चढताना मात्र वाट बंद. याचा अर्थ असा, की पाण्यात ऊर्जा तेवढीच आहे, पण ती पूर्वीची राहिलेली नाही. तिची प्रत उतरली आहे.

ही प्रत मोजायची कशी, याचे बीज जूलच्याही आधी एका फ्रेंच तरुणाला सापडले होते. त्याचे नाव सादी कार्नो. बाप लाझार कार्नो नामांकित इंजिनियर, यंत्रांच्या शास्त्रावर ग्रंथ लिहिणारा. मुलाने वाफेच्या इंजिनावर विचार केला आणि १८२४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. त्या वेळी त्याची दखल फारशी कुणी घेतली नाही. १८३२ साली पटकीच्या साथीत तो वारला. वय अवघे छत्तीस.

कार्नोचा विचार आपल्या शेतकऱ्याला चटकन पटेल असा आहे. पाटाचे पाणी आणि नाल्याचे पाणी यांत फरक काय? पाणी म्हणून काहीच नाही. एक घनमीटर म्हणजे एक घनमीटर. पण पाट उंचावर असतो, त्याचे दार उघडले की पाणी आपल्या पायांनी वावरात येते. नाल्याचे पाणी सखल जागी असते. ते वर आणायला पूर्वी मोट लागायची, आता पंप लागतो. पाण्याची कर्तबगारी पाण्यात नाही, ती उंचीच्या फरकात आहे. कार्नोने म्हटले, उष्णतेचेही असेच आहे. उष्णता गरम जागेकडून थंड जागेकडे उतरते तेव्हाच तिच्याकडून काम करून घेता येते. तापमानातला फरक हीच तिची उंची. ती पुरती उतरून भोवतालच्या हवेइतकी झाली, की नाल्याच्या पाण्यासारखी निकामी.

या तुलनेत एक गोष्ट लक्षात ठेवायची. जलचक्रावरून जेवढे पाणी पडते तेवढे सगळे खाली वाहून जाते. उष्णतेचा मात्र काही भाग खरोखरच कामात बदलतो आणि उरलेला खाली उतरतो. हा भेद १८५० च्या सुमारास जर्मनीत क्लॉसियस आणि ब्रिटनमध्ये विल्यम टॉमसन, म्हणजे पुढे झालेले लॉर्ड केल्व्हिन, यांनी उलगडून दाखवला. किती भाग बदलेल, याचा नियमही त्यातून सिद्ध झाला, आणि तो फार सोपा आहे.

तापमान निरपेक्ष मापाने घ्यायचे, म्हणजे सेल्सिअसच्या अंशांत २७३ मिळवायचे. मग थंड बाजूच्या तापमानाला गरम बाजूच्या तापमानाने भागायचे आणि उत्तर एकातून वजा करायचे. एवढेच. बाहेरची हवा २७ अंशांची धरू, म्हणजे निरपेक्ष मापाने ३००. वीज केंद्राच्या टर्बाइनवर येणारी वाफ ५४० अंशांची, म्हणजे ८१३. तीनशेला ८१३ ने भागून एकातून वजा केले की येतात १०० पैकी ६३. आता १०० अंशांची साधी वाफ घ्या: तीनशे भागिले ३७३. उत्तर येते १०० पैकी फक्त २०. आणि ४५ अंशांवर मिळणारी उष्णता? १०० पैकी सहासुद्धा नाही.

बरं का, हे आकडे परिपूर्ण इंजिनाचे आहेत. जिथे घर्षण नाही, गळती नाही, असे इंजिन. ते आजवर कुणी बांधले नाही आणि बांधूही शकणार नाही. आपली खरी इंजिने याच्याही खालीच राहायची. वीज, फिरते चाक, उंचावरचे पाणी यांची प्रत मात्र १०० पैकी १००. ती तत्त्वतः सगळीच्या सगळी कामाला लावता येते. या कामास येणाऱ्या भागाला झोरान रांत या स्लोव्हेन शास्त्रज्ञाने १९५६ साली ‘एक्सर्जी’ हे नाव दिले. आपण आज तिला नुसते प्रत म्हणू.

आता हा हिशेब आपण घरात आणू. हिवाळ्याची सकाळ आहे. वीस लिटरच्या बादलीत पाणी तापवायचा विजेचा रॉड सोडला. पाणी २७ अंशांवरून ४५ अंशांवर आणायचे आहे. वीज लागते साधारण ०.४२ युनिट. दुकानदार सांगतो, “साहेब, रॉडमध्ये वीज वाया जात नाही, सगळी पाण्यातच जाते.” तो खोटे बोलत नाही. वजनाच्या हिशेबाने रॉड १०० टक्के कार्यक्षम आहे.

पण हीच ०.४२ युनिट वीज विहिरीवरच्या पंपाला दिली तर? पाणी दहा मीटर खाली आहे. पंपात काहीच तोटा नाही असे धरले, तर या विजेवर १५ हजार लिटरहून जास्त पाणी वर येईल. तोटा असतोच. मोटारीत, पंपात, पाइपात मिळून निम्मी वीज गेली असे धरा. तरी साडेसात हजार लिटर पाणी वावरात पडले. एका बादलीच्या आंघोळीची वीज, आणि साडेसात हजार लिटर पाणी!

आणि ती बादली आता उलटी कामाला जुंपू. तिच्यातली उष्णता परिपूर्ण इंजिनाला दिली, तर काम किती मिळेल? काम घेता घेता पाणी निवत जाते, म्हणून उत्तर आणखी खाली येते: १०० पैकी जेमतेम तीन. दहा मीटर खोलीवरून साडेचारशे लिटरसुद्धा पाणी चढणार नाही. सकाळी १५ हजार लिटर उचलण्याची कुवत हातात होती, दहा-पंधरा मिनिटांनी ती साडेचारशेवर आली. ऊर्जेचा एक कणही हरवला नाही, आणि कुवत मात्र जवळजवळ सगळी गेली. आपल्याकडे याला पैठणीचे पोतेरे करणे म्हणतात.

त्या चौकस मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हेच. ऊर्जा वाचवायची म्हणजे तिचे वजन वाचवायचे नसते, ते निसर्ग सांभाळतोच. वाचवायची असते ती तिची प्रत. ती एकदा उतरली, की फुकटात परत चढत नाही.

प्रतीचा हिशेब हाती नसला, की चोर एका घरात आणि झडती दुसऱ्या घरात असा प्रकार होतो. चंद्रपूर किंवा कोराडीवरून जाताना औष्णिक वीज केंद्राचे ते प्रचंड मनोरे आपण पाहिले असतील. त्यांतून पांढरे ढग बाहेर पडत असतात. कोळशाच्या उष्णतेपैकी साधारण ३५ ते ४० टक्के विजेत जाते आणि उरलेल्यातली फार मोठी उष्णता त्या मनोऱ्यांतून हवेत जाते. पाहणारा हळहळतो, की केवढी ही नासाडी! पण तिथे जी उष्णता जाते ती ४० अंशांच्या आसपासची. वजनाने डोंगराएवढी, पण प्रतीने १०० पैकी चारच्या घरातली. प्रतीची खरी नासाडी आधीच होऊन गेलेली असते, आणि ती होते बॉयलरच्या पोटात, जिथे हजार अंशांहून कितीतरी प्रखर ज्वाळा ५४० अंशांची वाफ करते. तिथे धूर दिसत नाही, ढग दिसत नाही. नुसती भारी उष्णता हलकी होते. म्हणून इंजिनियर मंडळी आज मनोऱ्याशी भांडत बसत नाहीत. वाफ आणखी तप्त आणि आणखी दाबाची करता येईल का, याच्या मागे ती लागलेली असतात.

आता आपल्या ओळखीच्या जागी येऊ. गुऱ्हाळात जा. चुलवणात चिपाडे जळताहेत, वर काहिलीत रस उकळतो आहे. जाळव्या जाळ घालतो आहे, गुळव्या रसावर नजर ठेवून आहे. गूळ उतरवायच्या वेळी रसाचे तापमान असते ११८ अंशांच्या आसपास; त्याआधी बराच वेळ ते शंभराच्या जरा वर असते. खालचा जाळ मात्र आठशे-हजार अंशांचा. हजारांवरून शंभरावर एकाच उडीत उतरायचे, आणि या उतरणीवर काम कुणी करायचे नाही! धबधबा आहे, पण त्याखाली चाक नाही. शिवाय रसातून उठणारी वाफ छपरातून निघून जाते, ती वेगळीच.

हे दोन्ही तोटे साखर कारखान्याने कसे भरून काढले, ते पाहण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट वाफेची. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला जन्मलेला नॉर्बर्ट रिल्यू हा एका स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रीचा मुलगा. पॅरिसला शिकला, तिथे वाफेच्या इंजिनांचा अभ्यास केला. लुइझियानात तेव्हा गुलाम मजूर उकळता रस एका कढईतून दुसऱ्या कढईत पळ्यांनी ओतत असत. रस सांडे, माणसे भाजत, लाकूडफाटा अतोनात जळे. रिल्यूने १८४३ साली एका नव्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याची युक्ती अशी: पहिल्या बंद भांड्यात रसाची जी वाफ होते, ती सोडून द्यायची नाही, तीच दुसऱ्या भांड्यातला रस उकळायला वापरायची. दुसऱ्याची तिसऱ्याला. पण शंभर अंशांची वाफ शंभर अंशांना उकळणारा रस उकळवणार कशी? त्यासाठी पुढच्या भांड्यातला दाब कमी ठेवायचा. महाबळेश्वरला हवेचा दाब कमी, म्हणून तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, तेच तत्त्व. शेवटच्या भांड्यात जवळजवळ निर्वात असते आणि रस साठ अंशांच्या आसपासच उकळू लागतो. अशी चार भांडी ओळीने लावली, की एक किलो वाफेवर जवळजवळ चार किलो पाणी आटते. एकच वाफ, पण पायरी पायरीने उतरवलेली. आज आपल्या प्रत्येक साखर कारखान्यात ही भांडी उभी आहेत.

दुसरी गोष्ट जाळाची. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे महाराष्ट्रभर त्याचे अनुकरण झाले. जुन्या कारखान्यांतले बॉयलर साधारण २० किलोच्या दाबाचे, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर २० किलो. भुसा, म्हणजे उसाचे चिपाड, जाळून कारखान्याची गरज भागली की झाले; उरलेल्या भुशाचे काय करायचे हाच प्रश्न असे. पुढे मंडळींच्या लक्षात आले, की जाळाची उंची आपण वाया घालवतो आहोत. मग ६७, ८७, ११० किलो दाबाचे बॉयलर आले. वाफ पाचशे अंशांच्या घरात गेली. ही वाफ आधी टर्बाइनवर सोडायची, तिथे वीज करायची. टर्बाइनमधून ती १२०-१३० अंशांची होऊन बाहेर येते. त्या वाफेत वीज करण्याचा दम फारसा उरलेला नसतो, पण रस आटवायला तेवढीच पुरेशी असते. म्हणजे वरची उंची विजेला, खालची उंची रसाला. ऊस तोच, भुसा तोच. आणि साखर होऊन वर वीज विकता येते. याला सहवीजनिर्मिती म्हणतात. तिच्या मुळाशी कार्नोचे ते लहानसे पुस्तक आहे.

कुणी म्हणेल, हे कारखान्याचे झाले, आमच्या घरात काय? तर घरातल्या बायांना हे शास्त्र कार्नोच्या आधीपासून ठाऊक आहे. जुन्या चुलीला शेजारी वैल असायचा. मुख्य जाळावर भाकरी, जाळाचा जो झोत पुढे जातो त्या वैलावर आमटी, आणि जाळ विझला की निखाऱ्यावर दुधाचे भांडे. प्रखर आच हवी तिथे प्रखर, मंद हवी तिथे मंद. रिल्यूने जे भांड्यांच्या ओळीत केले, तेच हे. वैलावर आमटी ठेवणाऱ्या आजीने उष्णतेची प्रतवारीच केली होती.

तोच विचार आज पुढे न्यायचा. आंघोळीला ४५ अंशांचे पाणी हवे, तर ते छपरावरच्या सौर बंबातून घ्यावे. हलके काम, हलकी उष्णता, जोड बरोबर जमली. धान्य, मिरची, बेदाणा वाळवायला चाळीस-साठ अंशांचा वारा पुरतो. तिथेही ऊन चालते. विजेवरच पाणी तापवायचे असेल, तर उष्णतेचा पंप हे यंत्र बरे. ते विजेची उष्णता करत नाही. वीज खर्चून बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात आणते, जशी मोट पाणी वर आणते. एक युनिट विजेत सुमारे तीन युनिट उष्णता मिळते. वीज ठेवावी ती जिला दुसरे काही चालत नाही अशा कामांना: पंप, दिवा, गिरणी, यंत्रमाग. पुष्कळ गावांत शेतीपंपाला वीज पाळीपाळीने मिळते आणि माणसे रात्री कंदील-बॅटरी घेऊन बारे द्यायला जातात. ज्या विजेसाठी एक शेतकरी अंधारात साप-विंचवांतून जातो, तीच वीज दुसरीकडे नुसते पाणी कोमट करण्यात जावी, हे हिशेबात बसत नाही.

शिक्षकांसाठी एक सोपा प्रयोग सांगतो. एक लिटर पाणी ८० अंशांचे, एक लिटर २० अंशांचे. दोन्ही एका भांड्यात ओता आणि तापमापी धरा. पन्नासच्या आसपास येईल. मुलांना विचारा, उष्णता हरवली का? हिशेब करून ती सांगतील, नाही. मग विचारा, आता हे पाणी पुन्हा वेगळे करता येईल का, एक लिटर ८० चे आणि एक लिटर २० चे? वर्ग गप्प होईल. आणि मग सांगा, की मिसळण्याआधी या दोन लिटरांमध्ये परिपूर्ण इंजिन बसवले असते, तर त्या कामावर साठ किलो वजनाचा माणूस वीस मीटर उंच, म्हणजे सहा मजले वर, उचलला गेला असता. ओतता ओतता तेवढे काम आपण घालवले. हे जे मिसळणे, पसरणे, सपाट होणे, त्याचे माप म्हणजे क्लॉसियसने १८६५ साली नाव दिलेली एन्ट्रॉपी. मुलांना आधी हा प्रयोग दाखवावा आणि शब्द नंतर द्यावा. शब्द आधी दिला तर ती पाठ करतील आणि विसरतील.

म्हणून जाता जाता एवढेच सांगतो. कुठलेही इंधन पेटवण्याआधी, कुठलेही बटण दाबण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. या कामाला ऊर्जा किती लागेल, हा पहिला. आणि कोणत्या प्रतीची लागेल, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर विजेच्या मीटरवर मिळते. दुसऱ्याचे कुठल्याच मीटरवर मिळत नाही. ते आपल्यालाच काढावे लागते. बाजारात आपण जी चोखंदळ नजर वापरतो, तीच इथे वापरायची आहे.